झारा आणि गुरूचा चंद्र

आई, तुझा हात फार जड होता. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे उगाच गोड बोलायचा मोह होणार नाही. पोळी करपली की लाटणं, दूध उतू गेलं की चिमटा, आणि हाताशी काही नसलं तर नुसता हात, तो सगळ्यांत वाईट. बाबा गेल्यावर आपण दोघी बनारसला दूधविनायकात काकांच्या घरी राहिलो, आणि काका दिवसभर तुला जे ऐकवायचे ते संध्याकाळपर्यंत माझ्या पाठीवर उतरायचं. शेजारच्या मावशी म्हणायच्या, "अहो, मरेल पोर!" तू म्हणायचीस, "मरत नाही. चिवट आहे, माझ्यासारखी."

काका महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्ये. कुणाचं श्राद्ध, कुणाची ग्रहशांत. मंत्र ते म्हणायचे, स्वयंपाक तू करायचीस, सोवळ्यात, पहाटेपासून उपाशी. त्या वर्षी माझं लग्न त्यांच्या डोक्यात घुसलं होतं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आणि ते पंचांगावर बोट आपटून सांगत होते, "वहिनी, यंदा मुलीला गुरुबळ आहे. पुढच्या वर्षी नाही. मिर्झापूरचं स्थळ हातचं घालवू नका." तू हो म्हणाली नव्हतीस, नाहीही म्हणाली नव्हतीस. मी रात्रंदिवस तुझ्या तोंडाकडे बघत होते.

आणि तेव्हाच गुरूच्या एका चंद्राचे फोटो आले. इतक्या जवळून काढलेले पहिलेच. आमच्या सरांनी कुठूनसे कॉम्प्युटरवर उतरवून छापून आणले होते. वर्गात आम्ही बाकांवर चढून, एकमेकींच्या अंगावर पडून बघतोय. सगळा बर्फ, आणि तोही फुटलेला. मोठमोठे तुकडे मोडून, सरकून, फिरून पुन्हा तसेच वाकडे गोठलेले. कुणी घणाने फोडावं तसा. सर म्हणाले, "ध्यान से देखिए. बनारस में आपसे पहले किसी ने नहीं देखा." बर्फाखाली कदाचित समुद्र आहे, म्हणाले. माझ्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं, हसूही आलं. सरांनी एक कागद मला दिला आणि मी पळत सुटले. चौकातून गल्लीत वळले तर मध्ये सांड उभा. त्यालाही ढकललं मी. मला एवढंच कळत होतं की हे आईला दाखवायचं.

मी तशीच स्वयंपाकघरात घुसले. शेगडीवर वडे तळले जातायत, खीर झालीय, बाहेर यजमान आणि भटजी पाटावर बसलेत, आणि तू सोवळ्यात. मी काय केलं, तर मागून तुला कवटाळलं. "आई, बघ! गुरूचा चंद्र!" श्राद्धाचा अख्खा स्वयंपाक त्या एका शिवण्याने बाटला. तू वळलीस आणि तेलातला झारा माझ्या दंडावर हाणलास. "सत्यानाश केलास, कार्टे!" मी किंचाळले तशी काका आले. त्यांनी माझे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. रक्त भुवईवरून डोळ्यात आलं. हातातला कागद ओढून त्यांनी शेगडीत कोंबला. "उद्यापासून कॉलेज बंद! गुरूचा चंद्र दाखवतेय मला! गुरुबळ आहे तोवर उजवून टाकतो हिला." आणि परत माझे केस धरले.

तेव्हा तू झारा पुन्हा तेलात बुडवलास. मी बघत होते. शांतपणे बुडवलास, काढलास आणि त्यांच्या मनगटावर दाबून धरलास. ते गुरासारखे ओरडले. बाहेर भटजी पाटावरून उठले. तू म्हणालीस, "माझ्या पोरीला मारायचं तर मी मारीन. तुम्ही कोण?" मग शेगडीत हात घालून तो कागद काढलास. अर्धा उरला होता.

संकठा घाटावर बसलो आपण. तू भाजलेली बोटं गंगेत बुडवून बसलेली, मी पदराने कपाळ दाबून धरलेलं.

"आता सांग. काय आहे हे?"

मी सांगितलं. बर्फ, भेगा, समुद्र, सगळं. रडत, हुंदके देत.

"कोणी राहतं तिथे?"

"माहीत नाही. बहुतेक नाही."

"बरंय की. मग सोवळंही नसेल." तू त्या जळक्या कागदाकडे बघत राहिलीस, हसली नाहीस. मग म्हणालीस, "परीक्षा कधी आहे?"

त्या घरात आपण परत राहायला गेलो नाही. तू विद्यार्थ्यांचे डबे केलेस, मी शिकले, आता शिकवते. मिर्झापूर राहिलं ते राहिलंच. पुढेही तू मला मारलंस, का नाही मारणार. पण कॉलेजला जाऊ नको म्हणून कधी नाही. माझ्या दंडावरचा डाग लोक विचारतात. मी सांगते, आईने दिलाय.

आज तुझं श्राद्ध. सकाळी सोवळ्यात तुझ्याच झाऱ्याने वडे तळत होते, आणि लेक मोबाइल घेऊन धावत आली. "मम्मी, देख ना! तुझ्या चंद्राचा नवा फोटो आलाय!" आणि माझ्या गळ्यातच पडली. माझा हात उठला, आई. झाऱ्यासकट उठला. तिने तो बघितला आणि भिंतीशी सरकली, मी सरकायचे तशीच. मी झारा खाली ठेवला. "दाखव," म्हटलं. बराच वेळ बघितलं आम्ही दोघींनी, कढईतले वडे करपेपर्यंत.

स्वयंपाक पुन्हा केला नाही. तोच बाटलेला तुला वाढलाय. गच्चीवर पान ठेवून इथे लिहीत बसलेय. हे पाठवायचं कुठे, घडी करून ठेवीन. ऊन चढलं, कावळा अजून शिवलेला नाही. रागावलीस का गं? खरं सांगते, मला अजून तुझी भीती वाटते.