नवलनगरीला जायचं निमित्त

मी, जानकीबाई त्रिंबक तांदळे, वय सत्तरीच्या घरात, राहणार चौसाळा, तालुका व जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं त्यात लिहिलं आहे. पुढचं वाचून बजरंगला शंका आलीच, तर त्याने दाखला पुन्हा पाहावा.

१. राहतं घर मुलगा बजरंग आणि सून मंगल या दोघांच्या नावे. मंगलचं नाव आधी लावावं. घर बांधताना विटा तिने वाहिल्या, बजरंग सावलीला बसून सांगत होता.

२. पाटल्या आणि शेळी लेक रोहिणीला. पोस्टातली शिल्लक बजरंगची मुलगी संस्कृती हिच्या शिक्षणाला.

३. कोयते कुणालाही वारसाने मिळू नयेत. माझं आणि यजमानांचं उभं आयुष्य उसाच्या फडात गेलं, तेवढं पुरे. लोहाराकडून त्यांची खुरपी करून घ्यावीत.

४. जाऊ तुळजाबाई हिला खलबत्ता. यजमान गेले तेव्हा, "म्हातारपणी पाळण्यात बसायचे थेर, दुसरं काय होणार," असं ती दहाव्याला चारचौघांत म्हणाली. तिला कुटत बसायला काहीतरी हवंच.

५. आता ते पाळण्याचं. महामार्गालगत नवलनगरी झाली तेव्हा आमचं ऊसतोडीला जाणं नुकतंच सुटलं होतं. आकाशपाळणा, पाण्याच्या घसरगुंड्या, सिमेंटचा डोंगर आणि त्याच्या पोटातून जाणारी छोटी आगगाडी. फडावर आम्हाला सणवार कधी कळलेच नव्हते. यजमान भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेत आणि तिथे जायचं निमित्त शोधत. संकष्टी असली की म्हणत, "पाळण्यातून चंद्र आधी दिसतो, तुला लवकर जेवता येईल." वटपौर्णिमेला म्हणत, "तिथं आत लई मोठा वड हाय." एकदा काहीच सापडलं नाही, तर म्हणाले, "आज कायबी न्हाई. असा दिस पुन्हा कधी मिळायचा? चल."

त्याच आगगाडीत ते गेले. डोंगरात शिरताना माझ्याशी बोलत होते. उजेडात आलो तेव्हा मान खाली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

वर्षश्राद्धाला मी एकटीच जाऊन त्या गाडीत बसले. डोंगराच्या अंधारात शेजारचं बाक दबलं. तंबाखू-चुन्याचा वास आला. "कावून उशीर केला?" ते म्हणाले. मी घाबरले नाही, रडले. बाहेर आले तेव्हा शेजारी कुणी नव्हतं, पण बाक ऊबदार होतं. तेव्हापासून निमित्त शोधायचं काम माझ्याकडे आलं. एकादशी, अमावस्या, रोहिणीचा वाढदिवस, सून माहेरी गेली तो दिवस.

६. या नागपंचमीला झोक्याचं निमित्त होतं, म्हणून संस्कृतीला सोबत नेलं. आजोबा गेले तेव्हा ती जन्मलीही नव्हती. गाडी डोंगरातून बाहेर आली तर लेकरू माझ्या शेजारी नाही, मागच्या रिकाम्या डब्यात बसलेलं. फ्रॉकला चुन्याचं बोट पुसलेलं.

"आबाच्या मांडीवर बसलते," ती म्हणाली. "आबा म्हणले, पुढच्या बारीला उतरायचं न्हाई."

मग ती रोज सकाळी कॅलेंडरखाली उभी राहू लागली. "आजी, आज काय हाय? आज जायचं का?" मी कॅलेंडर पेटीत कुलूपबंद केलं, तर कोऱ्या भिंतीवर बोट ठेवून तिथी सांगू लागली. तिला वाचता येत नाही. तिथी बरोबर असायची.

बजरंगला सांगितलं. तो हसला. "माय, लेकरू हाय, हट्ट करतंय. रविवारी मी नेतो की तिला."

म्हणून रविवारच्या आधी मी जाऊन आले. बाक दबल्यावर विचारलं, "लेकराला कावून बोलावता?"

ते म्हणाले, "एकट्याला करमत न्हाई. तू येतीस आन् निघून जातीस." आवाज त्यांचाच होता. त्यात माया मात्र कुठेच नव्हती.

"मी राहाते," मी म्हणाले. "तिला सोडा."

"शब्द दे."

दिला. दुसऱ्या दिवशी संस्कृती उठली आणि थेट अंगणात खेळायला गेली. भिंतीकडे तिने पाहिलंही नाही.

उद्या सर्वपित्री अमावस्या आहे. हे निमित्त मला शोधावं लागलं नाही.

७. माझ्यामागे संस्कृतीला नवलनगरीत नेऊ नये, शाळेची सहल गेली तरी. माझा घास घराच्या पत्र्यावर ठेवावा, तिकडे नेऊ नये. आणि बजरंग, मंगल, रोहिणी, तिघांनी हे नीट ध्यानात धरा. हे लिहिते आहे ती तुमची माय आहे, आणि तिची तुमच्यावर माया आहे. पुढे कधी माझ्या आवाजात कुणी हाक मारली, किती का गोड बोलली, किती का रडली, तरी ती मी आहे असं समजू नका. येऊ नका.

सही : जानकीबाई त्रिंबक तांदळे

साक्षीदार : भगवानराव सानप, शेजारी. छबुबाई घुगे, शेजारीण.
दोघांनी माझी सही समोर पाहिली आहे. मजकूर मी त्यांना वाचू दिलेला नाही.

ठिकाण : चौसाळा
भाद्रपद वद्य चतुर्दशी, २० सप्टेंबर २०२५