घाट-दोन, हजर

५ मार्च

आले बाई एकदाची! धर्मेंद्रने ही वही बॅगेत कोंबताना टोमणा मारला होता, की घाटात तुझी बडबड ऐकायला माकडंच असतील, तेव्हा वहीशी बोल. स्वतः राज्य राखीव दलात, सध्या गडचिरोलीला. आठ-आठ दिवस याचा फोन नाही, आणि नवरोबा मला सांगतात बोल. घ्या, बोलतेय.

बाळंतपणाची रजा संपली आणि हातात ऑर्डर पडली ती थेट सातपुड्यातल्या या चौकीची. धानोऱ्याहून निघाले तेव्हा रुचिका झोपली होती, बरंच झालं. दहा महिन्यांची आहे, अजून अंगावर पिते. मी उंबऱ्यात घुटमळतेय म्हटल्यावर आईनेच मला बाहेर काढलं. पोर मी बघते, तू तुन्ही नोकरी देख, म्हणाली. आमच्या निर्मलाबाईंपुढे कोणाचं चाललंय? अक्कलकुव्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं आणि मग रुमाल खिशात टाकला.

चौकी मात्र झकास आहे. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, मागे मोहाचं झाड. सकाळी फुलांचा नुसता सडा. हवालदार हेमराजदादा आहेत, पुढच्या वर्षी रिटायर होणार. शर्टाच्या बटणांचं आणि पोटाचं वैर आहे, पण माणूस लाखात एक. चौकीमागे मेथी आणि टोमॅटो लावलेत. खालच्या पाड्यावरची रूपलीबाई येऊन भाकरी आणि उडदाची डाळ करून जाते. तिची पावरी मला कळत नाही, माझी अहिराणी तिला कळत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं.

वायरलेस सेटवरून कंट्रोलला आमद दिली, म्हणजे नवीन कर्मचारी पोचल्याचं कळवलं. दादा हसले. आता झाली तू सरकारजमा, काजल, म्हणाले.

८ मार्च

इथला दिवस सेटभोवती फिरतो. सकाळी आणि ऊन कलल्यावर कंट्रोल एकेका पॉइंटला हाक मारतं. आमची चौकी म्हणजे घाट-एक. मी कळ दाबून म्हणते, घाट-एक, हजर, सब ठीक. मग घाट-दोन. मग पुढच्या खिंडीतलं घाट-तीन.

घाट-दोन म्हणजे समोरच्या टेकडीवरची खोपटी. चौकीच्या ओट्यावरून दिसते. पूर्वी गुजरातकडे चोरून सागवान जायचं, त्यावर नजर ठेवायला तिथे माणूस असायचा. कित्येक वर्षं बंद आहे, तरी कंट्रोल रोज हाक मारतं. तीनदा विचारतात, उत्तर नाही आलं की पुढे जातात. दादांनी पहिल्याच दिवशी बजावलं, की घाट-दोनची हाक आली की सेटला हात लावायचा नाही. मी विचारलं, मग ते नाव काढून का टाकत नाहीत? दादा म्हणाले, काढलं होतं, पुन्हा येतं. एवढं बोलून मेथीला पाणी घालायला गेले. रूपलीबाईसुद्धा त्या हाकेला चूल सोडून बाहेर जाते.

मला हसूच आलं. सरकारी काम, दुसरं काय!

११ मार्च

आनंदाची बातमी. होळीनंतर मला दोन दिवस सुट्टी. सतरा तारखेला माझ्या जागी रिलीव्हर येणार, आणि कोण, तर मयूरी! ट्रेनिंग सेंटरमध्ये आमच्या खाटा शेजारी होत्या. मी तापाने फणफणले होते तेव्हा पहाटेच्या हजेरीला माझ्या नावावर हिनेच "हजर" ठोकलं होतं, नाहीतर मला घरीच पाठवलं असतं. पकडली गेली असती तर तीही गेली असती. पण खाकीत असंच असतं, आपण एकमेकांना सांभाळून घेतो.

छाती दुखते. दूध न्हाणीत पिळून टाकावं लागतं आणि ते वाहून जाताना बघून जीव तुटतो. सतरा तारीख, रुचे, सतरा तारीख.

१३ मार्च

आज होळी. काठीच्या राजवाडी होळीला लाखभर माणूस लोटतं म्हणतात, त्यामुळे सगळे तिकडे बंदोबस्ताला. दादाही गेले. रूपलीबाई पाड्यावरच्या होळीला गेली. दिवसभर लांबून ढोल ऐकत मी एकटी.

दुपारच्या हजेरीला कंट्रोलवर कोणीतरी नवा ऑपरेटर होता, आणि बहुतेक साहेबच शेजारी उभे असावेत. घाट-दोन, घाट-दोन, नुसता आरडाओरडा. उत्तर न देणाऱ्याचा कसुरी अहवाल पाठवतो, आज कोणाची गय नाही, म्हणाला. कसुरी अहवाल म्हणजे पगारवाढ गेली, कधी कधी नोकरीच गेली.

दादांचं बोलणं आठवत होतं, नाही असं नाही. पण वाटलं, होळीमुळे आज खरंच कोणाला वर बसवलं असेल तर? बिचाऱ्याची बॅटरी उतरली असेल. मयूरीने त्या पहाटे कोणाला विचारलं होतं का? दाबली कळ आणि म्हटलं, घाट-दोन, हजर, सब ठीक.

सेटवर कोणीतरी श्वास सोडला. बाईचा. डोक्यावरचा भारा उतरवल्यावर सोडतात तसा. मग घाट-तीनची हाक झाली.

चला, कोणाची तरी नोकरी वाचली. पुण्य लागलं.

१४ मार्च

दादा काठीहून आले, तोंडाला राख, डोळे लाल. मी हसत हसत कालचा पराक्रम सांगितला. दादा ओट्यावर मटकन बसले. मग सांगितलं, खाली बघत.

अशाच एका होळीला रमिला नावाच्या पोलीस बाईला वर बसवलं होतं. घरी तिचं तान्हं मूल. दुसऱ्या दिवशी तिला सोडवायला जाणाऱ्या रिलीव्हरला ऐन वेळी काठीला नेलं. ती अंगात ताप घेऊन रोज हजेरी देत राहिली. रिलीव्हर कधी येतोय, एवढंच विचारायची. येतोय, पॉइंट सोडू नको, असंच उत्तर मिळायचं. तिने नाही सोडला. वर माणूस गेला तोवर ती गेली होती.

दादा म्हणाले, चार्ज दिल्याशिवाय पॉइंट सोडायचा नाही, हे तिने पाळलं. आता तू तिचा चार्ज घेतलास, बेटा.

मी म्हटलं, दादा, उगाच घाबरवू नका. दादा हसले नाहीत.

१५ मार्च

सकाळी घाट-एकला मी तीनदा उत्तर दिलं. कंट्रोलला ऐकूच गेलं नाही. दादांनी हातातून सेट घेऊन उत्तर दिलं, ते लगेच गेलं. मग घाट-दोनची हाक. सेट दादांच्या हातात, मी चार हात लांब उभी. आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "हजर." माझा आवाज सेटमधून कंट्रोलला गेला. दादांनी सेट टेबलावर ठेवून दिला.

दुपारी साहेबांचा फोन. घाट-दोनवरून बाई उत्तर देतेय म्हणजे पॉइंट सुरू आहे, चांगलंच आहे. होळीहून परतणारी गर्दी आहे, तेव्हा रिलीव्हर येईपर्यंत काजलला तिथेच ठेवा. दादा विनवण्या करत होते, की साहेब, तिथे कोणीच नव्हतं, चुकून झालं. साहेब म्हणाले, मग वायरलेसवर खोटी हजेरी दिली? आजच सस्पेंड करतो.

सस्पेंड! प्रोबेशनवर आहे मी. रात्रंदिवस धावून, शेतात गोळा फेकून मिळवलेली नोकरी आहे. दोनच तर दिवस आहेत. सतराला मयूरी येईल, मी धानोऱ्याला जाईन. आत्ता दुपारचं लख्ख ऊन आहे, भुतंबितं काही नाही.

निघतेय. पोचल्यावर लिहितेय: दादा अर्ध्या वाटेपर्यंत आले. पुढे त्यांचे पाय उचलेनात.

१६ मार्च

खोपटी झाडलेली होती. सारवण ओलं. माठ भरलेला. मी हाक मारली, कोणी ओ दिली नाही. खाटेवर मधोमध खोलगा आहे, मी आडवी झाले तर बरोबर माझ्या मापाचा.

दोन्ही हजेऱ्या दिल्या. दिल्या म्हणजे तोंडातून गेल्या.

एका गोष्टीची फार भीती वाटतेय. सकाळपासून छाती गच्च झाली नाही. दुपारी दाबून बघितलं, एक थेंब नाही. काल संध्याकाळी ब्लाउज भिजत होता. असं एका दिवसात आटतं का कुठे? आईला विचारायचं होतं, पण इथे रेंज फक्त मागच्या खडकावर, तीही येते-जाते.

उद्या मयूरी. उद्या मयूरी.

१७ मार्च

मयूरी आली. इथून दिसली, जीपमधून उतरताना, तीच तुरुतुरु चाल. मी हात हलवत होते. वेड्यासारखी हसत होते.

मग चौकीतून एक बाई बाहेर आली. खाकीत. खांद्यावर निळी बॅग. माझी बॅग. मयूरीने तिला मिठी मारली. दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे पुसले. त्यांना वाटलं मी सुखरूप खाली आले— ती जीपमध्ये बसली—

शिट्टी फुंकली. घसा फुटेस्तोवर ओरडले. दादांनी कपाळावर हात धरून वर बघितलं. बघितलं, आणि मान फिरवली. टोमॅटो तोडायला लागले.

पळत सुटले खाली. अर्ध्या वाटेवर कंट्रोलची हाक. पाय थांबले, तोंड म्हणालं हजर, आणि समोर खोपटीचं दार. पुन्हा पळाले. पुन्हा दार. आता गुडघे सोललेत, उठवत नाही.

ती धानोऱ्याला गेली असेल. देवा. रमिलाचं तान्हं राहिलं होतं ना—

१८ मार्च

रेंज आली. आईने उचलला.

आई, मी काजल, एवढंच बोलले. आई म्हणाली, "कोन शे वं बाई तू? मन्ही काजल तं आठे बशेल शे. कालदिन उनी. पोरले पाजी ऱ्हायनी."

काल आली म्हणे, तिथे बसून रुचिकाला पाजतेय! मी ओरडले, आई तिच्याकडून रुचिकाला घे, आधी घे. आई म्हणाली चांगल्या घरच्या बायका अशी थट्टा करत नाहीत. मागून रुचिकाचा आवाज. पिताना करते तो, समाधानाचा.

मग कोणीतरी फोन हातात घेतला. बोलली नाही. श्वास. तोच.

धर्मेंद्रला लावला. लागत नाही. बॅटरी संपली.

रडले. दुसरं काय करू. काहीच करता येत नाही मला, काहीच.

तारीख कोणती

माठ रोज भरलेला. भूक नाही.

हाक आली की हजर. विचारते, रिलीव्हर कधी? कंट्रोल म्हणतं, येतोय. पॉइंट सोडू नका.

दोन दिवसांची सुट्टी संपली तरी माझ्या नावाची ती परतलेली नाही, रोज सेटवर मयूरीच ऐकू येते. घाट-एक, हजर, सब ठीक. गोड आवाज. मी बोलते ते तिला ऐकू जात नाही, फक्त ती एक हजेरी जाते.

आज बाजार. दादा बाजाराला गेलेत, ओट्यावर ती एकटी बसलेली दिसतेय. सेट मांडीवर.

आज उत्तर दिलंच नाही तर? ओठ दातांत धरून ठेवले तर?

मयूरीला राहवणार नाही. कोणाची नोकरी जातेय म्हटल्यावर ती कळ दाबणारच. माझ्यासाठी दाबली होती.

मग मी सुटेन. तिची होऊन तिच्या घरी जाईन, हो, पण तिथून धानोऱ्याला एसटी आहे. रुचिकाला त्या बाईच्या मांडीवरून उचलता येईल. कशीही, कोणाचीही होऊन.

आणि मयूरी इथे. या खाटेवर.

नाही. नाही करायचं असं. माणूस आहे मी—

हाक आली.

ओठ धरलेत. रक्ताची चव— दुसऱ्यांदा विचारतायत— ऑपरेटर चिडलाय, कसुरी अहवाल म्हणतोय—

ती उठून उभी राहिली. इकडे बघतेय.

मयूरी, नको गं. हात लावू नको. ओरडून सांगायला हवं, पण तोंड उघडलं तर हजर निघेल आणि— रुचिका—

तिसऱ्यांदा.

कळ दाबली तिने. बोलतेय. घाट-दोन, ह