उंदीर कुठे गेला?

अंबरनाथ पश्चिम,
१२ जानेवारी २००६

आदरणीय महेंद्रमामा,

सप्रेम जयभीम. आम्ही इथे ठीक आहोत. मामीच्या गुडघ्याला बदलापूरच्या नव्या डॉक्टरांचा गुण आला असेल अशी आशा आहे. (आईने त्याबाबत माझा म्हणून जो सल्ला तुम्हाला कळवला, तो माझा नाही. मी त्या प्रकारची डॉक्टर नाही.) हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोन आईच्या खुर्चीशेजारी असतो.

तुम्ही सुचवलेल्या कॅम्प पाचच्या स्थळाला आमच्याकडून नम्र नकार कळवावा, ही विनंती. कारण समजण्यासाठी आधी माझं काम थोडं सांगावं लागेल. रोगाला घट्ट धरून ठेवणारं एक प्रथिन शरीर बनवतं, त्याला प्रतिपिंड म्हणतात. आम्हाला हवं ते प्रतिपिंड एका उंदराने उत्तम बनवलं आहे. पण ते तसंच माणसाला टोचलं, तर शरीर त्याला परकं म्हणून ओळखतं आणि हाकलतं. म्हणून रोगाला धरणारी बोटं तेवढी उंदराची ठेवायची आणि बाकी सगळं माणसाचं लावायचं. याला आम्ही माणसाळवणं म्हणतो. पीएच.डी.नंतर मी दुसरं काही केलेलं नाही. शिस्तीची असल्यामुळे मी बोटं सोडून उंदीर म्हणून काही शिल्लकच ठेवलं नाही. तयार झालेलं प्रतिपिंड सभ्य, स्वच्छ, कुणालाही न खुपणारं होतं. फक्त ते काहीही धरत नव्हतं. साहेबांनी मार्चची मुदत दिली आहे. त्यानंतर प्रकल्प बंद आणि माझी बदली खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या उजेडासमोर धरून बघायच्या विभागात.

अशात आईने मला माणसाळवायला घेतलं. चष्मा काढला, साडी नेसवली, मतं काढून घेतली. "उंदराचं नाव काढायचं नाही. औषधाच्या कंपनीत आहे म्हणायचं, बास." (समोरच्याने परकं म्हणून ओळखू नये, हे तत्त्व माझंच असल्याने विरोध करता आला नाही.) कॅम्प पाचहून जयदेव, त्यांची आई आणि त्यांच्या आत्या मला बघायला आले. ते विचारतील तेवढ्याला मी हो म्हणत होते. अर्ध्या तासात जयदेवच्या आई आमच्या पंख्याकडे बघू लागल्या. परिणाम प्रयोगशाळेसारखाच.

तेवढ्यात जयदेव (जीन्सच्या कारखान्यात मशीनची देखभाल करतात, हे तुम्हाला माहीत आहेच) म्हणाले, "मामा बोलले होते, तुमचा एक उंदीर आहे. तो कुठे गेला?" आईने तुमचं नाव घेऊन उसासा सोडला. मी म्हटलं, काढून टाकला. आणि का काढला तेही सांगितलं. ते हसले. "आमच्याकडे उलटं. आत सगळा माल कॅम्प पाचचा, लेबल तेवढं फॉरेनचं."

इथे मी थांबायला हवं होतं. पण नीट समजावं म्हणून मी आत्यांचा हात उचलला, त्यांच्या मनगटापुढे माझी बोटं लावली आणि चकली धरून दाखवायला गेले. धरता येईना. बोटं माझी, मनगट त्यांचं. बोटं वळणार कशी?

"अगं पोरी, हात सोड की माझा!" आत्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मनगट चुकलंय." आणि साडीतच, रिक्षाने, कंपनीत गेले. रविवार होता. वॉचमनने लग्न कुणाचं म्हणून विचारलं.

पाहुण्यांना चहासमोर सोडून जाणारी मुलगी कुणाला चालेल असं वाटत नाही. तेव्हा त्यांचा नकार येण्याआधी आपला जावा, इतकंच.

आपली भाची,
स्वप्नाली

ता.क. हे पत्र तीन आठवडे पर्समध्येच राहिलं. दरम्यान बोटांना आधार देणाऱ्या चार जागी, म्हणजे मनगटात, उंदीर परत बसवला. प्रतिपिंड आता धरतं. (ही पद्धत पुस्तकात आहे. मी ती अहंकाराने वगळली होती.)

ता.क. २. त्यांचा नकार अजून आलेला नाही, असं आई म्हणते. मी विचारलं नव्हतं.

ता.क. ३. त्या दिवशी घाईत मी आत्यांच्या चपला घालून गेले. माझ्या त्यांच्याकडे आहेत. त्या बदलून घ्यायला हव्यात. आत्यांना आमचे तीन जिने त्रासाचे होतील, तेव्हा दुसऱ्या कुणी यावं. रविवारी चारनंतर मी घरी असते, चष्म्यासहित. नकार त्यानंतर कळवला तरी चालेल. आणि कुणी उंदराचं विचारलंच, तर सापडला म्हणून सांगावं.