दोन बोटं औषध

बाबा, काल तुमच्या घरात दारू आली. दिवसाढवळ्या आली, सगळ्यांच्या समोर, आणि आणली ती तुमच्या नातीनं, माझ्या लेकीनं. तुम्ही तिला पाहिलं नाही, ती व्हायच्या कितीतरी आधी तुम्ही गेलात. पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीला यवतमाळला आली की माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेते. 'तुमच्या घरात' हे मी सवयीनं लिहिलं. घर माझं आहे, माझ्या पगारातून बांधलेलं. माय माझ्याजवळ राहते आणि बैठकीत तुमचा फोटो आहे तो फक्त तिच्यासाठी. माझ्यावर असतं तर मी तो केव्हाच काढला असता. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे लेक पुढं काहीतरी गोड लिहील अशी आशा तुम्हाला राहणार नाही.

पोरीला तुती हव्या होत्या. मागच्या अंगणात झाड आहे, या दिवसांत खाली नुसता जांभळा सडा पडलेला असतो. तिनं टोपलीभर तोडून आणल्या आणि माय पाटावर बसून त्यांची देठं खुडायला लागली. आज मी जिनचं कॉकटेल करणार आहे, असं पोरीनं जाहीर केलं. मायला एवढंच कळलं की काहीतरी जिनातलं आहे. तिच्या लेखी जिन म्हणजे कापसाचं जिन, सरकी काढायचं, जिथं तुम्ही जन्मभर कामाला होतात. ते तर कधीचं बंद पडलं, तिथलं काय आणलं तू, असं तिनं विचारलं. पोरगी हसून म्हणाली की आजी, हे प्यायचं जिन. माय देठ खुडत शांतपणे म्हणाली, "तुया आजा बी जिनातून आला का पेतच जाय." पोरीला वाटलं आजीनं विनोद केला. मला हसू आलं नाही.

पोरीनं माझ्या खलबत्त्यात तुती आणि साखर ठेचली, त्यात लिंबू पिळलं, जिन ओतली, बर्फ टाकला. हे सगळं हलवायला भांडं पाहिजे म्हणून तिनं फळीवरून एक उभा स्टीलचा डबा काढला. तुम्ही कामावर भाकरी न्यायचे तो. झाकण दाबून ती डबा कानाशी धरून खळखळ हलवत होती, मग चहाच्या गाळणीतून ग्लासात गाळलं, वरून सोडा. गडद जांभळा रंग उतरला. मी दारात उभी होते आणि तिथून हलले नाही, कारण हेच मी एकदा केलं होतं. लोहारा गावी, जिनाच्या क्वार्टरमध्ये, तिसरीत असताना.

आठवतं का तुम्हाला? तुम्हाला सगळं आठवत असणार, विसरण्यातले तुम्ही नव्हतात. तुम्ही ग्रेडर होतात, कापसाची प्रत ठरवणारे. गाडीतला कापूस मूठभर उचलायचे, दोन्ही चिमटीत धरून ओढायचे, धागा उजेडाकडे करायचे आणि म्हणायचे, दोन नंबर. की झालं. शेतकरी कितीही हातापाया पडो, तुमचा शब्द फिरत नसे, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता. संध्याकाळी तुम्ही घरी येता. केसांत, भुवयांत रुई चिकटलेली. हातपाय धुता, खाटेवर बसता आणि हाक मारता, "दे वं बाई औषध." वरच्या कोनाड्यातली बाटली मी स्टुलावर चढून काढते. ग्लासाला खालून बोटं लावून मोजायला तुम्हीच शिकवलंय, दोन बोटं, जास्त नाही. हे कशाचं औषध, असं मी एकदा विचारलं तर तुम्ही म्हणालात, अंगातला शीण काढते. दारू हा शब्द आपल्या घरात कुणी उच्चारत नसे. दारू पिणारे लोक वेगळे, ते नालीच्या कडेला पडलेले असत. तुम्ही औषध घेत होता.

मग मायला ताप आला. जिनाचा सीझन संपत आला होता, तुम्ही दोन-दोन पाळ्या करत होता आणि माय तीन दिवस गोधडीत थरथरत होती. दवाखान्यातल्या गोळ्यांनी काही होईना. तेव्हा मी माझ्या अकलेनं तुमचं औषध काढलं. मोजून दोन बोटं. वासच इतका उग्र होता की माय तोंडाला लावणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून कुंपणाजवळच्या झाडाच्या तुती आणल्या, साखर घालून ठेचल्या, वरून अख्खं लिंबू पिळलं आणि बत्ता चाटून पाहिला. झक्क झालं होतं. मायला उठवून बसवलं. तिनं पहिला घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि सगळा ग्लास संपवला. मग झोपली.

बाटली परत कोनाड्यात ठेवायची राहिली, एवढंच झालं. बहीण आजारी आहे हे कळून मामा बोरी अरबहून एसटीनं आला होता. मामा भजनी मंडळातला, दारूचं नाव काढलं तरी चूळ भरणारा माणूस. तो बहिणीच्या उशाशी वाकला आणि वास येताच तसाच मागे सरला. तेवढ्यात तुम्ही जेवायला आलात. हे काय हाय भाऊजी, असं त्यानं विचारलं. मी मधेच बोलले. भीती नव्हतीच मला, उलट शाबासकीची वाट पाहत होते. म्हटलं, "मामा, ते बाबाचं औषध हाय. म्याच देल्लं मायले."

तुम्ही बाटलीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. आणि गाडीतला कापूस पाहून बोलायचे त्याच आवाजात म्हणालात, "पोट्टीले बी पढवून ठेवलं हाय तिनं. कवाचं चालू हाय हे. म्या म्हटलं, घरची अब्रू घरात राहू द्या."

दोन नंबर. की झालं.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असं. माय तापात होती, तिला काय चाललंय ते धड कळलं असेल नसेल. मी पुन्हा बोलायला लागले तर तुम्ही गप म्हणालात. मामा पाणीसुद्धा न पिता निघून गेला. आणि त्याच संध्याकाळी, बाबा, त्याच संध्याकाळी हातपाय धुऊन खाटेवर बसून तुम्ही मला हाक मारलीत, दे वं बाई औषध. मी ओतलं. तुमच्या कपाळावर एक आठी नव्हती. मला त्या खोटेपणापेक्षा या हाकेचा राग जास्त येतो. भीतीनं माणूस एकदा खोटं बोलतो हे मी समजू शकते, मीही नोकरी केली आहे, साहेबापुढं माणूस काय काय बोलतो ते पाहिलं आहे. पण मामाकडे जाऊन खरं सांगायला तुम्हाला किती वर्षं मिळाली होती. दर भाऊबीजेला माय दारात रांगोळी काढून बसायची आणि तुम्ही पेपर वाचायचे. आजी वारली तेव्हा माय बोरीला गेली तर ती जवळ बसताच बायकांनी पदर नाकाला लावले. तिनं घरी येऊन तुम्हाला हे सांगितलं, मी ऐकत होते. तुम्ही म्हणालात, लोकायचं काय मनावर घेतं. ते लोक कुणी तयार केले होते बाबा? शेवटी तुमच्याच औषधानं तुम्हाला नेलं, आणि मयतीला आलेले लोक म्हणत होते की असा सज्जन माणूस, बायको अशी असून कधी हात उगारला नाही. माय तिथंच बसली होती. तिनं मान वर केली नाही.

तर काल. पोरीनं दोन ग्लास भरले, एक तिचा, एक माझा. माय म्हणाली, "मले बी दे." मी म्हटलं, माय, हे सरबत नाही. मले समजते, म्हणाली. पोरीनं छोट्या ग्लासात थोडंसं दिलं. मायनं घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि नातीला सांगितलं, "लिंबू कमी हाय. तुया मायनं केलतं त्यात मस्त लिंबू होतं."

मी माझा ग्लास ओट्यावर ठेवला. इतकी वर्षं या विषयावर आम्ही दोघी एक शब्द बोललो नव्हतो. मी विचारलं, तुले माहीत होतं? तोंडाले लावल्याबरोबर, ती म्हणाली. मग पेली काहून? तू समोर उभी होती पाहत, असं म्हणाली, जणू हे विचारायची गोष्टच नव्हती. आणि मामाले काहून नाही सांगतलं? तुतीचे डाग पडलेली बोटं पदराला पुसत ती म्हणाली, "बोलली असती तर तुया बापानं त्या दिवशी तुहं सालटं काढलं असतं. माह्या नावाचं काय, नाव धुता येते." नाही धुता आलं, बाबा. म्हातारी झाली, नाही धुता आलं. मी तिच्यावरही चिडले, तिला तसं म्हणालेही. ती म्हणाली, हळू बोल, पोट्टी ऐकून राह्यली.

तेवढ्यात दार वाजलं. मामाचा मुलगा होता. मामा अजून आहे, बोरीला खाटेवर असतो. माझ्या घराचा उंबरा त्यानं कधी ओलांडला नाही, पण नव्या तुरीची डाळ निघाली की पोराच्या हाती धाडतो. पोरगाही डाळ देतो, खुर्चीच्या काठावर टेकतो आणि गाडी उभी आहे म्हणून निघतो. काल तो पिशवी घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दारात आला आणि थबकला. ओट्यावर बाटली होती. मायच्या हातात ग्लास होता. त्यानं विचारलं, "काय पेऊन राह्यली आत्या?"

मायनं ग्लास खाली ठेवला नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, "दारू हाय बाप्पा. तुया बापाले सांग, आत्यानं आज सोताच्या हातानं घेतली. अन् हे बी सांग, त्या दिवशीची बाटली माही नव्हती. माह्या नवऱ्याची होती."

त्यानं डाळ ओट्यावर ठेवली आणि पाटावर मायच्या शेजारी बसला. पोरीनं त्याला ग्लास पुढं केला तर गाडी चालवायची आहे म्हणाला. मग पाणी मागितलं, आणि आमच्या घरचं पाणी तांब्याभर प्यायला. मामाला सांगेल की नाही, मला माहीत नाही. सांगितलं तरी तो म्हातारा काय म्हणेल, तेही माहीत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. फोटोमागे खोचावं असं मनात आलं होतं, पण तेवढीही जागा तुम्हाला द्यायची नाही. एकच गोष्ट सांगायची राहिली आहे, ती पोरीलाही सांगितली नाही आणि मायलाही. तो दारात उभा राहून विचारत होता तेव्हा उत्तर द्यायला मीही तोंड उघडलं होतं. माय आधी बोलली म्हणून वाचले. माझ्या जिभेवर तुमचाच शब्द आला होता, बाबा. औषध.