अहवालातलं नाव

कार्नबेग, मेयो
४ जून १९८४

चि. कोलमन यास,
अ. उ. आ.

तळ्याकाठच्या त्या झोपडीत माणूस राहतो की नुसते गळ, हे विचारायला पत्र. महिना झाला, तोंड दाखवलं नाहीस. ट्राउट माशांचा पिच्छा एक रविवार सोड आणि बहिणीकडे जेवायला ये.

आमचं गवत कापून झालं, मुरघासाच्या खड्ड्यात आंबवायला भरलं आणि लगेच पाऊस लागला. खड्ड्यातून काळा, आंबट रस झिरपतोय. तो साठवायची खालची टाकी काठोकाठ भरली आहे. तुझे दाजी कालपासून गुरांच्या बाजाराला गेलेत, बुधवारी दुपारी येतील. तोवर घरात मी आणि कुत्रा, आणि दोघंही सारखेच वैतागलेले.

लोभ आहेच, तो पोस्टाने पाठवत नाही, येऊन घेऊन जा.

तुझी
अट्रॅक्टाताई


लफ ड्रीन
८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जेवायला येणारच होतो. आता कसं यावं कळत नाही.

बुधवारी सकाळी पुलाखाली पाण्यावर राखाडी फेस होता. ट्राउट काठाला येऊन तोंडं वर काढत होते. बाबांनी आपल्याला गळ टाकायला शिकवलं त्या डोहात मी दोनशे चौदा मेलेले मासे मोजले. बोटाएवढी पिल्लं वेगळी. ही पिल्लं दोन वर्षं नदीत वाढतात आणि मग तळ्यात उतरतात. म्हणजे पुढे तळंही ओस पडणार.

त्या आंबट वासाच्या मागे मी नदीकाठाने वर आलो. वाटेतला प्रत्येक ओढा पाहिला. तुमचा ओढा मिळतो त्याच्या वर पाणी स्वच्छ आहे, मासे हलताहेत. खाली काहीच हलत नाही.

तुमच्या दारात पोचलो तेव्हा दाजी नुकतेच बाजारातून आले होते. म्हणाले, पावसाचं काय ते पावसाला विचार, आणि दार लावून घेतलं. खिडकीचा पडदा हलला. तू बाहेर आली नाहीस.

नदीचा राखणदार म्हणून मला अहवाल द्यायचा आहे. त्यात नावाची जागा अजून कोरी आहे.

तुझा
कोलमन


कार्नबेग
१० जून

चि. कोलमन,

आशीर्वाद मोठी आहे म्हणून देते. आज मनातून निघत नाहीत.

चर्चबाहेर तुझे गळवाले दोस्त तुझ्या दाजींना पाहून पाठ फिरवून उभे राहिले. वीस वर्षं ज्यांना आम्ही चहा पाजला, तेच. मासे परत येतात रे, गावात गेलेलं नाव परत येत नाही. ‘कारण कळलं नाही’ एवढंच लिही. तीन शब्द. बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

सख्ख्या बहिणीचं घर आहे, एवढं ध्यानात असू दे.

अट्रॅक्टा


लफ ड्रीन
१२ जून

ती. ताईस,
सा. न.

बाबा असते तर त्यांनी मला कान धरून पुलावर उभं केलं असतं, हे तुलाही ठाऊक आहे.

काल पोस्टापाशी दाजी भेटले. म्हणाले, बाजाराला निघताना रस ओढ्यात सोडायला मीच टाकीची फळी उचलली, लिही माझं नाव आणि संपव एकदाचं. बोलताना बुटांकडे बघत होते. पण ते रविवारी गेले, आणि सोमवारी टाकी काठोकाठ होती असं तूच लिहिलंस. फळी उघडी असती तर टाकी भरली कशी?

अहवाल शुक्रवारी देणार. खोटं नाव मी घालणार नाही. खरं कोणाचं, हे विचारायचा धीर होत नाही.

कोलमन


कार्नबेग
१३ जून

कोलमन,

फळी मी उचलली.

मंगळवारी संध्याकाळी टाकी वाहू लागली आणि रस विहिरीकडे वळला. वासरं त्यातून चालत होती. मी घाबरले. वाटलं, एवढा पाऊस झालाय, नदी फुगली असेल, वाहून जाईल सगळं. नदीकडे जाऊन पाहिलंसुद्धा नाही. शंभर पावलं होती रे.

बुधवारी तू ओढ्याच्या तोंडाशी वाकून एकेक मासा उचलून काठावर ठेवत होतास, ते मी पडद्याआडून पाहिलं. बाहेर आले नाही, कारण तू ‘ताई’ म्हणून हाक मारली असतीस. मग यांना सांगितलं. हे म्हणाले, तू गप्प बस, गावाला मला शिव्या द्यायची सवय आहे.

माझं नाव लिही. माहेरच्या आडनावासकट.

अट्रॅक्टा


लफ ड्रीन
१६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल अहवाल दिला. तुझं नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. खात्याच्या साहेबांनी विचारलं, ही कोण तुमची? म्हटलं, सख्खी बहीण. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, कोर्टात साक्षीला दुसऱ्या कोणाला पाठवू का? मी नको म्हटलं. मासे मी मोजलेत.

दाजींना सांग, टाकीची भिंत उंच करायला पुढच्या शनिवारी येतो. ते बोलले नाहीत तरी चालेल, फावडं तेवढं हातात द्यावं.

नऊ जुलैला तुला कोर्टात बोलावणं आहे. त्या दिवशी बसने जाऊ नकोस. मी पोस्टमनची गाडी मागून ठेवली आहे, आठ वाजता दारात येईन. कोर्टात मी तुझ्याविरुद्ध बोलणार, एकही मासा कमी सांगणार नाही. पण जाताना आणि येताना तू माझ्या शेजारी बसायचंस.

लोभ थोडा उरला असला, तरी तेवढा राहू दे.

तुझा
कोलमन