सरांचा पडद्यांचा नकाशा

गुरुवार संध्याकाळ, युट्रेख्ट

माझे मार्गदर्शक सर वारल्यापासून माझा प्रबंध उघडवत नव्हता. आज त्यांचा उत्तर नॉर्वेचा नकाशा उघडला आणि एका जागी बसवेना! ध्रुवप्रकाश बघायला किती पर्यटक येतात हे सगळेच मोजतात. सरांनी गावकऱ्यांच्या खिडक्या बघून नकाशावर ठिपके मांडले: पर्यटक वाढले, तिथे पडदे बंद. इतकं साधं! मला का नाही सुचलं?

इथे तर डच लोक पडदे उघडेच ठेवतात. मग कालव्याकाठी? सायकल काढलीच. मागच्या गल्लीत सगळे पडदे उघडे, पर्यटकांच्या बोटी जातात तिथे बंद. सर, पटलं!

घरी येऊन नवऱ्याला धापा टाकत सांगितलं. अमेय हसला. "अगं, बोटी सुरू झाल्या की आपला कालव्याकडचा पडदा कोण ओढतं?"

मीच की! म्हणजे माझ्या युट्रेख्टच्या नकाशातला पहिला ठिपका आमचंच घर.