चंदन की देवदार

२० जानेवारी १९८६, बोईसर
मंडळाच्या हळदीकुंकवाला यंदा कोणतं अत्तर लावायचं, हे ठरवण्याचं काम मी स्वतःकडे घेतलं. शनिवारी समारंभ, लगेच अध्यक्षपदाची निवड. मी दोन वर्षं अध्यक्ष आहे, पण आता ती दमयंती उभी राहणार म्हणे. तिला अत्तर आणि अगरबत्ती सारखीच. मी संस्कृत घेऊन बी. ए. झाले आहे. पालघरहून दोन बाटल्या मागवल्या, चंदन आणि देवदार. उद्या निर्णय.

२१ जानेवारी, सकाळी ९
दोन्ही हुंगल्या. वासच नाही. शुद्ध भेसळ.

दुपारी २
ह्यांचं म्हणणं, घरभर घमघमाट सुटलाय, बुचं लाव. वर हेही ऐकवलं की दिवाळीतल्या सर्दीपासून माझं नाक गेलंय. सर्दी कधीच बरी झाली. ह्यांना बत्तीस वर्षांत कशातलंच काही कळलेलं नाही.

२२ जानेवारी
उजव्या मनगटाला चंदन, डाव्याला देवदार. जातिवंत अत्तर सावकाश उमलतं. संध्याकाळपर्यंत उमललं नाही.

२३ जानेवारी
मुरबे गावची कोळीण हिरा बोंबील घेऊन आली. अशा बाईला त्यातलं काय कळणार, तरी सहज बाटल्या पुढे केल्या. तिने आधी पदराला हात पुसले.
"ह्यो देवलातला वास, मऊ. आन् ह्यो नव्या होडीचा. सुतार रंधा मारतो ना बाय, तवाचा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमाला नाय येत?"
तिला बोंबील नीट मोजायला सांगितलं.
भाषणाचा मसुदा: 'चंदन सौम्य, सात्त्विक, देवालयाची आठवण देणारं. देवदार रूक्ष, नुकत्या तासलेल्या लाकडासारखा.' असा अभिप्राय द्यायला नाक संस्कारी लागतं. निर्णय: चंदन.

२५ जानेवारी
साठ बायका. भाषण उत्तम झालं. चंदन लावायला सुरुवात केली, तोच पहिल्या रांगेने नाकाला पदर लावले. दोघी खोकल्यासुद्धा. चंदन सोसायलाही पात्रता लागते, हे मी स्पष्ट सांगितलं. त्यावर सगळ्या दाराकडे पळाल्या. शिस्त नावाला नाही. अत्तरदाणी धरून मी रांगेने या, रांगेने या म्हणत राहिले.
दमयंती परत आत आली आणि सरळ माझं मनगट धरलं.
"काकू, बाहेर चला. कुठल्यातरी कारखान्याचा गॅस सुटलाय. सडक्या अंड्यांचा वास येतोय, तुम्हाला येत नाही?"
येतो, म्हटलं. चंदनाच्या आडून, थोडा.
निवड रस्त्यावरच उरकली, हात वर करून. दमयंती.

२६ जानेवारी
सकाळी झेंडावंदन करून दमयंती आली. उरलेलं चंदन मंडळाचं, ते न्यायला. बाटल्या मी काल बाहेरून स्वच्छ धुतल्या होत्या, त्यात लेबलं निघून गेली. दोन्ही तिच्यापुढे ठेवल्या. यातली चंदनाची कुठली, असं तिने विचारलं.
आता अध्यक्ष तू, म्हटलं. तूच ठरव.
तिने एक उघडून हुंगली, दुसरी उचलली. बरोबरच असावी.